अर्ध्या मिशीचा नमुना

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढ्या भांडवलावर कुणाबद्दल लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

अंबाडी नाक्यावर माझ्या बसथांब्याशेजारी एक काका बायकांच्या चेहऱ्यावरचे नकोसे केस घालवणारा आयुर्वेदिक लेप विकायचे. मसूर डाळ, हळद आणि दूध. पूर्वी ते भिवंडीत कापड तपासायचे. तिथे रंग पक्का आहे का ते बघायला अर्धा तुकडा धुतात, अर्धा कोरा ठेवतात. त्याच रीतीने ते रोज स्वतःच्या मिशीच्या फक्त डाव्या बाजूला लेप चोळायचे. महिन्याभरात डावी बाजू उजवीच्या दुप्पट झाली.

"काका, ही तं वाढली!" भाजीवाली मावशी हसली.

"नमुना पुरा व्हायचा हाय," ते शांतपणे म्हणाले.

एकदा त्यांची बायकोच नाक्यावर आली. "पोरीचं लगीन आठ दिसांवर आलंय. मिशी सारखी करा, न्हायतर सोयरे मांडवातून उठून जातील."

त्यांनी कात्री उचलली, आरशात पाहिलं आणि खाली ठेवली. "नमुना मधीच कापला, तं लोकांना काय सांगू?"

मी प्रयोगवहीत उत्तर आधी लिहितो आणि आकडे मागून जुळवतो. मला ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून ते दिसेनात. परवा मावशीकडून कळलं, लग्न लागलं, कुणीही उठलं नाही. उलट व्याह्यांनी दोन किलो लेप मागवलाय. अठ्ठावीस वर्षांच्या नवरदेवाला अजून नीट मिशी येत नाही.