इडियमच्या वहीतला बाप

"व्हॉट इज बांधी?" मॅडमनी विचारलं आणि वर्ग हसायला लागला.

मी आठवीत होते. आमच्या इंग्रजी शाळेत रोज फळ्यावर एक इडियम लिहायचे आणि एकेकाने उभं राहून त्याचं वाक्य करायचं. वाक्य रोजच्या जगण्यातलं पाहिजे, असं मॅडम बजावून सांगायच्या. त्या दिवशीचा इडियम होता 'कॉल इट अ डे'. म्हणजे आजचं काम पुरे, आता थांबू या. मी उभी राहिले आणि म्हणाले, 'माय मदर प्लांटेड द लास्ट बांधी अँड कॉल्ड इट अ डे.' धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. आईने त्या दिवसाची शेवटची बांधी रोवली आणि काम थांबवलं, हे आदल्याच संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इडियम बरोबर बसला होता. हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, असं मी सांगायला लागले. मॅडमनी ऐकलं नाही. त्या हिंदीवर आल्या. गोंदियात रागवायचं असलं की सगळे हिंदीवरच येतात.

"रोज़ की ज़िंदगी का सेंटेन्स बोलो. कीचड़ क्लास में मत लाओ."

कीचड़. माझी आई सकाळपासून ज्यात वाकून उभी होती, ते. मॅडम माझ्या बाकाजवळ आल्या, वहीतलं माझं वाक्य खोडलं आणि खाली स्वतःचं लिहिलं. 'माझ्या वडिलांनी लॅपटॉप बंद केला आणि आजचं काम थांबवलं,' अशा अर्थाचं. दहा वेळा लिही म्हणाल्या. मी लिहिलं. माझा बाप आमच्या गावात, मुर्रीत, दुसऱ्याची जमीन ठेक्याने करतो. लॅपटॉप त्याने तलाठ्याच्या टेबलावर पाहिला असेल, तेवढाच.

मी आरटीईतून आलेली. गरिबांच्या पोरांसाठी राखलेल्या जागांवर. हजेरीत आम्हाला नावं होती, बाकी वेळी आम्ही 'आरटीईवाले'. ही सवलत आठवीपर्यंतच. पुढे कोणाला ठेवायचं ते प्रिन्सिपल ठरवणार, आणि मॅडम ज्याचं नाव पुढे करतील त्यालाच ठेवणार. आईला हे पक्कं माहीत होतं. मी सायकल काढली की रोज एकच सांगायची, "मॅडमच्या मनातून उतरू नोको."

म्हणून मी शहाणी झाले. इडियमच्या वहीत माझ्या बापाला ऑफिस मिळालं. मग कार. मग रविवारची सुट्टी. आई किटी पार्टीला जायला लागली. मॅडम 'व्हेरी गुड' लिहायला लागल्या. लाज वाटायची का? खरं सांगते, नाही वाटायची. मला ते घर आवडायला लागलं होतं.

मग 'अंडर द वेदर' आला. म्हणजे अंगात बरं नसणं. त्याच आठवड्यात आईला ताप होता. अंग फणफणत होतं, तरी ती रोवायला गेली. बायांची टोळी ठरलेली असते. एक बाई घरी राहिली तर तिच्या वाट्याच्या ओळी बाकीच्यांच्या कंबरेवर पडतात. आई तीन दिवस तापात, गुडघाभर पाण्यात रोवत राहिली. मी वहीत लिहिलं, आईला बरं नव्हतं, म्हणून तिने सुट्टी घेतली आणि डॉक्टर घरी आले. मॅडमनी त्याच्यावर चांदणी काढली.

रोवणे आटोपल्यावर पालकसभा झाली. वही वाचायला मॅडमनी मला निवडलं. घरी आनंदीआनंद. नववीची जागा झाली, असंच सगळे धरून चालले. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि मागच्या बाकावर बसली. हात पदराखाली. नखांतला काळेपणा काही गेला नव्हता.

मी घडाघडा वाचलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आई उभी राहिली. ती उभी राहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मॅडम, तिले मराठीत सांगाले लावा. मले बी समजू द्या."

मॅडमनी मान हलवली. मी मराठीत सांगितलं. बापाचा लॅपटॉप, रविवारची सुट्टी, तापात घरी झोपलेली आई, घरी आलेले डॉक्टर. सांगता सांगता माझा आवाज खाली जात होता.

आईने मलाच विचारलं, "हा बाप कोनाचा होय वं? आन् थे माय?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "मौसी, ये तो बस सेंटेन्स है," म्हणाल्या. बाकी आयांना त्या मॅम म्हणत होत्या. आई पण हसली, सगळे हसतात म्हणून. ते हसू मला बघवलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मॅडम म्हणाल्या, पुढचं वाच. मी वही मिटली.

"नाही वाचत. हे माही माय नोहे. माही माय तापात रोवाले गेली होती."

त्या शाळेत मी घरच्या बोलीत पहिल्यांदा तोंड उघडलं. मॅडमचा चेहरा उतरला. "इंग्लिश में बोलो," म्हणाल्या. मी बोलले. 'माय मदर हॅड फीवर. शी वर्क्ड. आय रोट अ लाय.' त्यात एकही इडियम नव्हता. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

सभेनंतर फुलचूरच्या रस्त्याने आम्ही सायकल हातात धरून घरी चालत निघालो. आई म्हणाली, "काऊन बोलली? चूप राहिली असती तं नववीत राहिली असती." मी चिडून विचारलं, मंग तू कायले विचारलं?

"मले खरंच समजलं नाही," ती म्हणाली. "शाळेत खोटं लिवतात, हे मले का मालूम?"

ते ऐकून मला मॅडमचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. तिने शाळेवर डोळे झाकून विश्वास टाकला होता, आणि मी त्याच शाळेत तिला वहीतून हाकलून दिलं होतं.

नववीत मला ठेवलं नाही. मी मराठी शाळेत गेले, पुढे इंग्रजी घेऊनच बीए केलं. गेल्या वर्षी एका दुसऱ्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली. तिथे छापील पुस्तिका हातात ठेवली. इडियम आणि त्यांची तयार वाक्यं. मॉल, विमान, बर्थडे पार्टी. मी विचारलं, मुलांनी आपापल्या घरची वाक्यं केली तर? समोरचे साहेब म्हणाले, "स्टैंडर्ड ख़राब होता है." मी पुस्तिका त्यांच्या टेबलावर ठेवली आणि उठून आले. घरात अजून त्यावरून बोलणी खाते.

इंग्रजी मी सोडणार नाही. ती कोणाची जहागीर नाही. संध्याकाळी आमच्या ओसरीवर मुर्रीतली पोरं शिकायला येतात. कोणाचा बाप हमाली करतो, कोणाची आई मोहफुलं वेचते. वाक्यात चूक झाली तर मी झापते, पुन्हा लिहायला लावते, सोडत नाही. पण त्यांचे आईबाप मी बदलणार नाही. आणि कोणाला बदलूही देणार नाही.