मॅसेडोनियाची काळजी

आमच्या कचेरीत निराधारच्या पगाराचे अर्ज घेणारा कारकून माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो. एका फेरीत त्यानं कुणाचा अर्ज पुढं सरकवलाय, असं मी कधी पाहिलं नाही. काही ना काही त्रुटी काढतोच. मोकळा झाला की मोबाईलवर युरोपच्या बातम्या वाचतो. युरोपियन युनियनमध्ये शिरायला कुठला देश कुठवर आला, हे तो मला डबा खाताना सांगतो, तेही घरातल्या पोरीचं लग्न अडल्यासारख्या काळजीनं. "अल्बानिया सरकला पुढं. सर्बियाचं काय खरं न्हाय."

परवा तो भलताच चिडला होता. "उत्तर मॅसेडोनियाचं बघा राव. एका शेजाऱ्याला आवडंना म्हणून बिचाऱ्यानं देशाचं नाव बदललं. आता दुसरा शेजारी आडवा आलाय. किती छळावं!"

तेवढ्यात तेर गावाहून एक आजी आल्या. त्यांची ही चौथी खेप. त्यानं कागद चाळले.

"आजी, रहिवासी दाखला जुना झालाय. नवा आणा."

"मागल्या बारीला आधारवरलं नाव बदलाय लावलं, ते बदललं. आता काय बदलू, बाबा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर. मग अर्ज घेऊन तो स्वतः साहेबांकडं गेला आणि सही घेऊनच परतला.

"झालं, आजी. मॅसेडोनियाच्या आधी झालं तुमचं."

आजींनी पदरानं डोळे टिपले आणि मागच्या रांगेकडं वळून पाहिलं.

"त्या मॅसेडोनियाबाईचंबी करून टाका की, बाबा. कुठवर बसवून ठेवता बिचारीला?"