आडवी आलेली काठी

मी मिक्सिंग करते. सोलापुरात लग्नाच्या व्हिडिओची काटछाट, जोडणी, वर गाणी टाकणं या सगळ्याला मिळून मिक्सिंग म्हणतात. एडिटर म्हटलं की गिऱ्हाईक आधी बिचकतं आणि मग जास्तच घासाघीस करतं, म्हणून मीही जुनाच शब्द धरून आहे. मोहोळपासून नातेपुत्यापर्यंतचे फोटोग्राफर माझ्याकडे कार्डं आणि हार्ड डिस्क पाठवतात. माझं सासर गावातच आहे, पण कॉम्प्युटर माहेरच्या पुढच्या खोलीत आहे, कारण सासरी सारखा कुणाला तरी चहा हवा असतो. नम्रपणा मला जमत नाही, तेव्हा सांगूनच टाकते: या कामात माझा हात धरणारा माणूस आमच्या भागात शोधावा लागेल.

जानेवारीत आमच्या ग्रामदैवताची, गड्ड्याची यात्रा झाली की माझ्याकडे एक ठरलेलं दुखणं येतं. गल्लीतले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन पुढे करून उभे राहतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते, "काठी आडवी आलीय." यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठ्या म्हणतो. पण ही हातात धरायची काठी नव्हे. दोन मजली घराच्याही वर जाणारा, फुलांनी मढवलेला जड खांब असतो आणि पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस तो कमरेच्या बळावर उभा पेलत चालतो. बघणाऱ्याला आधी शेंडा हवा असतो. तो फोन आभाळाकडे करतो, शेंडा सापडला की बटण दाबतो आणि मग सावकाश खाली पेलणाऱ्यापर्यंत येतो. घोटाळा होतो तो इथेच. फोन आभाळाकडे तोंड करून असला की आपण उभे आहोत की आडवे हे त्याला उमगत नाही. तो मनाला येईल ते धरून बसतो आणि व्हिडिओत तशीच नोंद करून टाकतो. पुढे तुम्ही फोन कितीही नीट धरा, काठी झोपलेलीच. लग्नात असं सहसा होत नाही, कारण नवरीला बघायला कुणी आभाळाकडे बघत नाही.

उपाय साधा आहे. क्लिप सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, रोटेशनमध्ये जायचं, नव्वद अंश फिरवायची. चुकीच्या बाजूला फिरवली तर माणसं डोक्यावर चालायला लागतात, मग उलट फिरवायची. त्यानंतर उंची पडद्यात बसवायची. दोन्ही बाजूंना काळं राहतं, ते राहू द्यावं. काही शहाणे ते काळं घालवायला चित्र मोठं करतात आणि शेंडाच कापून टाकतात. शेंडा नसलेली काठी दाखवायचीच कशाला, असं मी त्यांना तोंडावर विचारते.

हे सगळं मी ज्या चवीने सांगते त्याला कारण आहे. काठी पेलणारे बरेच असतात, आळीपाळीने पेलतात, आणि त्यातला एक टप्पा आमच्या घराचा आहे. आधी आजोबांचा होता, मग माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा झाला. यात्रेच्या आधी सराव सुरू झाला की घरातलं दूध आधी अप्पांच्या पेल्यात जायचं आणि उरलेलं आमच्या चहात. आम्ही बायकांनी लांबून हात जोडायचे, एवढाच आमचा वाटा. मला त्याचा लहानपणी राग यायचा आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. पण गर्दीतून अप्पांची काठी येताना दिसली की तो राग कुठच्या कुठे जायचा आणि मी शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगायचे, ते माझे वडील आहेत.

गेल्या दिवाळीत अप्पा मोरीत घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. डॉक्टरांनी बजावलं की हाड जुळलं की चाला, फिरा, पण वजन उचलायचं नाव काढू नका. "डॉक्टरला काय कळतंय काठीतलं?" अप्पा म्हणाले. शेवटी माझ्या धाकट्या भावाने पेलायचं ठरलं. पण ह्या वर्षापुरतंच, हे अप्पांनी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगितलं. भाऊ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतो, अंगाने दणकट आहे आणि बोलायला एकदम कमी. तो रोज सरावाला जायचा, आल्यावर अप्पा त्याला बारीकसारीक विचारायचे आणि तो "हां" आणि "व्हय" यांवर निभावून न्यायचा.

मिरवणुकीच्या दिवशी अप्पांपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून मी थांबले. भाऊ घरी यायच्या आधी बातमी आली. ती घेऊन आले समोरचे काका, चपलासुद्धा न काढता.

"कलंडली की हो तुमची काठी! चौकात. लई थोडक्यात वाचलं बगा."

अप्पांनी त्यांना बसा म्हटलं नाही. काका गेल्यावरही ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काठी पडणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. ती नुसती कलंडली तरी त्या घराकडे लोक वर्षभर वेगळ्या नजरेने बघतात.

भाऊ आला तेव्हा त्याची बाराबंदी घामाने अंगाला चिकटली होती. अप्पांच्या पाया पडून तो उभा राहिला.

"का बे, कलंडली म्हनं?"

"जरा."

"जरा म्हंजे किती?"

अप्पांनी पांघरूण बाजूला सारलं. "पुढल्या वर्षी मीच येतो. पाय मोडला तर मोडला."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती लगबगीने पुढे आली आणि तिने पांघरूण पुन्हा त्यांच्या पायांवर ओढलं. अप्पा रागाच्या भरात बोलतात आणि मग ते करूनही दाखवतात, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. काठी त्यांनी पुन्हा कमरेला लावली तर ती तरी पडणार होती, नाहीतर अप्पा तरी. आणि भाऊ? तो जन्मभर ती कलंडलेली काठी डोक्यावर घेऊन फिरला असता.

तेवढ्यात भावाबरोबर मिरवणुकीतून आलेली भावजय हळूच म्हणाली, "माझ्याकडं शूटिंग हाय त्याचं."

फोन अप्पांच्या हातात गेला. काठी अर्थातच आडवी. अप्पांनी फोन फिरवला तर चित्रही फिरलं आणि काठी पुन्हा आडवी. मग त्यांनी मान तिरकी केली. मग फोन छातीवर आपटला. "मान मोडून घिऊ काय आता? मला टीव्हीवर दाव. डोळ्यांनं बगितल्याबिगर मी कुणाचं ऐकणार न्हाय. त्या समोरच्याचं न्हाय आन् याचंबी न्हाय."

"द्या इकडे," मी म्हटलं.

कॉम्प्युटर सुरू केला तोवर भाऊ मागून आला आणि त्याने दार लोटून घेतलं. मी क्लिप आत घेतली, फिरवली. माणसं आधी डोक्यावर चालली, मग पायावर आली. मग मी पुढे सरकत चौकापर्यंत आले आणि थांबले. काका खोटं बोलत नव्हते. काठी चांगली कलंडली होती. शेजारच्या विजेच्या खांबाशी ताडून बघितलं तर शंकाच उरत नव्हती.

"अक्का," भाऊ म्हणाला, "नव्वद फिरवलंस की. अजून जरा फिरव. तुला काय, एक आकडा तर घालायचा हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. एवढं मोठं वाक्य तो फार दिवसांनी बोलला होता.

आता खोटं कशाला सांगू, माझा हात आकड्यावर गेला. मी रोज हेच करते. वाकडी कमान सरळ करते, पेंगणारा मामा कापते, रडून लाल झालेल्या नवरीच्या डोळ्यांचा लाल रंग काढते. त्यात कुणाचं नुकसान नसतं. इथे तर अप्पांचा पाय वाचणार होता. मी नव्वदाच्या पुढे थोडं सरकवलं आणि काठी सरळ झाली. विजेचा खांब आणि मागची घरं तेवढी तिरकी झाली.

"घरांकडं कोण बगतंय?" भाऊ म्हणाला.

"गप्प बस. पुढचं बघू दे."

मी क्लिप पुढे चालू केली आणि तेव्हा मला कळलं. आता काठी चौकात सरळ होती, पण पुढच्याच क्षणी ती दुसऱ्या बाजूला कलत गेली आणि तशीच कललेली राहिली. मी मागे घेतलं, घातलेला आकडा काढून टाकला आणि पुन्हा बघितलं. जसं होतं तसं. काठी कलंडते. दोन बाजूंनी माणसं हात पुढे करून धावतात. भाऊ मान हलवतो, नको म्हणतो. मग तो गुडघ्यात वाकतो, एक पाय मागे, एक बाजूला, अख्खा माणूस सरकत सरकत त्या कलंडलेल्या वजनाच्या बरोबर खाली जातो. आणि काठी उठते. सावकाश, इंचाइंचाने, कुणाचाही हात न लागता ती विजेच्या खांबाला समांतर होते. मागून गर्दीचा "हर्र बोला हर्र" असा कल्लोळ उठतो.

वाट्टेल त्या क्षणी वाट्टेल तेवढं फिरवायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते. भावाला ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. तसं केलं असतं तर काठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेट्टग दिसली असती. नेट्टग हा आमच्या घरातला कानडी शब्द, ताठ सरळ उभ्या गोष्टीसाठीचा. पण मग त्या सरळ काठीखाली हा माणूस एवढी पायांची ओढाताण कशासाठी करतोय, हे कुणालाही कळलं नसतं.

"हे मी पुसणार नाही," मी म्हटलं. "तुला अक्कल नाही. तू काय केलंयस ते तुला दिसलंच नाही का?"

"मी वर बगत होतो की," तो म्हणाला.

मी त्याला ते पुन्हा लावून दाखवलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला तेव्हा खोलीत सगळे होतो. अप्पांना उशीला टेकवून बसवलं होतं. शेंडा दिसला, फुलं दिसली, मग चौक आला. काठी कलंडली तशी आईने डोळे मिटले. मी टीव्हीकडे बघत नव्हते, अप्पांकडे बघत होते. त्यांचा धड असलेला पाय पांघरुणाखाली मागे सरकला, बाजूला गेला आणि दोन्ही हात आपोआप कमरेपाशी आले. काठी उठेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

"मागं घे."

मी घेतलं. पुन्हा बघून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "लग्नात तू काय काय करतीस ते मला म्हाईत हाय. हितं काय केलंस?"

त्या क्षणी मला माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. "फोनने आडवं केलं होतं, ते उभं केलं," मी म्हटलं. "त्याच्यापुढचं सगळं तुमच्या पोराने केलंय."

अप्पा भावाला म्हणाले, "कलंडली. खरं हाय ते." भावाने मान खाली घातली. "हात लावायला आलेल्यांना नको म्हनालास?"

"हां."

"भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटलं."

अप्पांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही. "फोन लाव," ते म्हणाले. आमच्या काठीचे जे मुख्य मानकरी आहेत त्यांना फोन लावायचा होता. "त्यानला सांग, माझ्या पायाची वाट बगू नका म्हनावं. पुढल्या वर्षी बी पोरगाच यील. त्याच्या पुढल्या वर्षी बी."

आईने माझा दंड घट्ट धरला. भावाने फोन लावला, पलीकडून आवाज आला, आणि फोन त्याने माझ्या हातात कोंबला. पलीकडे मानकरी म्हणत होते, अप्पांना द्या. मी अप्पांकडे फोन धरला. त्यांनी मान हलवली.

"तूच सांग," ते म्हणाले.

काठीविषयी आमच्या घरातून बाहेर जाणारा शब्द आजवर पुरुषांनीच सांगितला होता. मी उभी राहिले, पदर नीट केला आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "मी त्यांची मुलगी बोलते. आमच्या घरचा निरोप आहे, ऐका."