कोणता अप्पा?

आळंदच्या वकीलअक्का दिवसभर कोर्टात दुसऱ्यांच्या वतीनं बोलायच्या, पण लहान मुलाच्या वतीनं एक शब्द बोलत नसत. डॅडींनी आईपासून वेगळं झाल्यावर माझ्या ताब्यासाठी अर्ज केला, तेव्हा आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली. तुरीच्या अडत दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. अक्कांनी मला नाव विचारलं आणि सवयीनं आईच सांगू लागली. अक्कांनी हात वर केला.

"थांबा. ती सांगंल."

लाजते हो ती, आई म्हणाली.

"लाजू द्या की. लाजत लाजत बोलू द्या."

मी नाव सांगेपर्यंत अक्कांचा चहा पिऊन झाला होता.

'ताबा' हा शब्द त्यांना खपत नसे. "ताबा शेताचा असतोय," म्हणायच्या. कोर्ट आईचा की बापाचा हक्क मोठा हे बघत नाही, लेकराचं भलं बघतं. आणि लेकरू कुणाकडेही राहो, बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. हे त्या आईला समजावत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडे.

कलबुर्गीच्या कोर्टात न्यायाधीशांनी मला आत बोलावून कन्नडमधून विचारलं, कुणाकडे राहायचं? "अप्पांकडे," मी पुटपुटले. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, मुलीला वडिलांकडे जायचंय. कन्नडमध्ये अप्पा म्हणजे वडील. मी मात्र आईचं ऐकून तिच्या वडिलांना, म्हणजे आजोबांना, अप्पा म्हणायची. वडील इंग्रजी शाळेनं डॅडी करून टाकले होते. आईचा चेहरा उतरला. डॅडींचे वकील डॅडींच्या पुण्यातल्या घराजवळच्या शाळेबद्दल बोलू लागले.

अक्कांना घोळ कळला होता. एका वाक्यात तो सोडवता आला असता. त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "साहेब, कोणता अप्पा, ते तिलाच विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. अक्का मात्र समोरच बघत राहिल्या.

"आईचे अप्पा," मी म्हणाले. "आळंदचे. आई पण तिथंच असते."

मी आईकडे राहिले. महिन्यातून एका रविवारी डॅडी पुण्याहून न्यायला येत. आई कुरकुरली, तर अक्कांनी तिलाच झापलं. "भांडण तुमचं दोघांचं. रविवार तिचा हाय."

इतक्या वर्षांनी परवा अक्कांना भेटायला गेले. आजारपणानंतर त्या माणसं ओळखत नाहीत. सून माझं नाव सांगू लागली, तसा अंथरुणावरून हात वर झाला.

"थांब. ती सांगंल."

या वेळी चहा यायच्या आत मी नाव सांगितलं.