बंद खोक्यातला एक्सल

दत्ताराम मेस्त्रींनी आपली गाडी कधी गॅरेजला दाखवली नाही. भांडुपच्या कारखान्यात ते फिटर होते. कारखाना बंद पडल्यावरही घरातला पंखा असो की कुकर, दुरुस्ती त्यांच्याच हातची. गाडी वळताना पुढच्या डाव्या चाकातून कट्‌कट्‌ आवाज येऊ लागला, तेव्हा ते बायकोला, सुलक्षणाला, एवढंच म्हणाले, "एक्सलचो जॉइंट गेलो. बदलूक व्हयो." आणि चाक फिरवणारा तो दांडा, नवा एक्सल, लांबड्या खोक्यात घेऊन आले.

रविवारी मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या आवारात त्यांनी चाक उतरवलं. सुलक्षणा तळमजल्याच्या खिडकीतून बघत होती. काम करताना हा माणूस नेहमी गुणगुणायचा, आज गप्प होता. जुना एक्सल निघाला, थोडं तेल फरशीवर सांडलं, आणि मग पाना हातात धरून ते नुसतेच बसून राहिले. ऊन पाठीवर आलं तरी हलले नाहीत.

"अहो, काय झालं?"

"काय नाय. इचार करतंय."

जेवायला आले तेव्हा मात्र खुशीत होते. "झाला काम."

दुसऱ्या दिवशी दोघं बाजाराला निघाली. गेटबाहेर गाडी वळली आणि तोच आवाज. कट्‌, कट्‌, कट्‌. आधीपेक्षा मोठा. सुलक्षणाने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना जणू ऐकूच येत नव्हतं.

"थांबवा गाडी. आधी थांबवा!"

घरी आल्याबरोबर ती जिन्याखाली, त्यांच्या हत्यारांच्या कोपऱ्यात गेली. लांबडं खोकं तिथेच होतं, चिकटपट्टीसकट बंद. तिने ते फाडलं. आत नवा कोरा एक्सल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. रविवारी सकाळभर खपून त्यांनी झिजलेला, फाटक्या रबराचा एक्सलच पुसून परत बसवला होता.

तिने हाक मारली. ते आले, खोक्याकडे बघत राहिले.

"ह्यो कोणी हाडल्यान?"

स्वतःच आणलेला एक्सल कोणी आणला, असं ते तिलाच विचारत होते. चिडले असते तरी बरं वाटलं असतं.

घाटकोपरहून मुलगी रुचिरा आली. तपासण्या झाल्या. विसरण्याचाच आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. ओळखीच्या मेकॅनिकने नवा एक्सल बसवून दिला आणि किल्ली रुचिराने नेली.

"आई, विकून टाकू या ना गाडी."

सुलक्षणाचं मन होईना. गाडी दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा.

मग एका सकाळी दूध घेऊन परतताना तिला दिसलं: चाक काढून ठेवलेलं, गाडी नुसत्या जॅकवर, आणि खालून दोन पाय बाहेर. जॅक तिरका झाला होता. किंचाळी तिने घशातच अडवली. दचकून धक्का लागला तर? ती खाली बसली, त्यांच्या घोट्यावर हलकेच हात ठेवला.

"अहो, चहा निवतोय. बाहेर या."

"येतंय. ह्यो एक नट..."

"नट राहू दे हो. आधी चहा."

पाय हलले, थांबले, पुन्हा हलले. सरपटत ते बाहेर आले. कपाळाला ग्रीस, डोळ्यांत समाधान. त्यांना हाताला धरून घरात नेलं, खुर्चीत बसवलं, आणि मग चहा टाकला.

त्याच दिवशी तिने रुचिराला फोन करून सांगितलं, "वीक गाडी."

गाडी गेली. परवा वरच्या मजल्यावरची नीला दारात आली.

"काकू, काका माझ्या गाडीखाली काय शोधत होते गं?"