२००३ चे पाच भयपट: यादीत दुरुस्ती

मंडळी, ‘२००३ मधले पाच अविस्मरणीय भयपट’ ही सकाळी टाकलेली यादी कृपया खरी धरू नका.

दुपारी त्यातला एक पुन्हा पाहायला बसले. ज्या प्रसंगाचं मी सर्वांत जास्त कौतुक केलं होतं, तो त्यात नव्हताच. बंद कारखान्यात यंत्रमाग आपोआप सुरू होतो आणि चादरीत धाग्याऐवजी ओले केस विणले जातात, तो.

कॉलेजातल्या पद्माला फोन केला. तिच्या वडिलांचे माग होते. मला घरून सिनेमाची परवानगी नसे, म्हणून ती पाहून यायची आणि मला सांगायची.

“पद्मे, तो मागाचा सीन कुठं गेला गं?”

ती हसतच सुटली. “अगं येडे, हिंदी सिनेमात सोलापूरची चादर कुठनं येणार? तू लई घाबरायचीस, म्हणून आमच्या कारखान्यातलं घालायची की मी!”

मग तिच्याशी एकेक नाव ताडून पाहिलं. म्हणजे आज सकाळपर्यंत पाचांपैकी दोनच सिनेमे मी पाहिले होते. उरलेले तीन नुसते तिच्याकडून ऐकले होते आणि इतकी वर्षं पाहिलेले समजत होते. तुमची दिशाभूल झाली, क्षमस्व.

पण खरी भीती मला त्या तिन्हींचीच वाटली होती. दुरुस्त यादीत ते ठेवू का?