दाताला फसलेला ईश्वरप्पा

ईश्वरप्पा सोलापूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा, पण रक्त वळसंगच्या बैलदलालाचं. वडील कल्लप्पा गड्ड्याच्या जत्रेत बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघायचे आणि वय सांगून मोकळे व्हायचे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

पंचाहत्तर सालच्या सुमारास कॉलेजात एक खोकं आलं. आत झाडपाला खाणाऱ्या डायनासोरच्या हाडांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती: एक मोठा जबडा, एक बारका, आणि बारक्याचे काही मणके. कोण कुठल्या जातीचं ते ठरवून प्रदर्शन मांडायचं होतं. ईश्वरप्पानं बारका जबडा उचलला. एक दात अर्धवट उगवलेला. झालं! 'दात येतायत म्हणजे खोंडच की हे, त्या मोठ्याचं पिल्लू,' म्हणत गड्यानं चिठ्ठी चिकटवली. वर वडिलांना निरोपही धाडला, की तुमच्या विद्येनं काम फत्ते झालं, रविवारी गावकऱ्यांना घेऊन बघायला या.

प्राणिशास्त्राच्या सावित्रम्मा बाईंनी चिठ्ठी वाचली आणि त्या पोट धरून हसल्या. "अहो सर, हा काय बैल आहे? मगरीसारखे यांचे दात जन्मभर पडतात, जन्मभर येतात. म्हातारपणीसुद्धा!"

ईश्वरप्पाचा चेहरा पडला. मग त्यानं मणके हातात घेतले. पिल्लाच्या मणक्याची वरची कमान सुटी असते. वाढ झाली की ती जुळते. इथं तर सांधा पार बुजलेला! म्हणजे बारकं असलं तरी वयात आलेलं. जबड्याची ठेवणही मोठ्यापेक्षा निराळी. हे पिल्लू नव्हतंच, ही वेगळीच बारकी जात होती! आनंदानं त्यानं टेबलावर थाप मारली आणि लगेच त्याला रविवार आठवला. आता अण्णांना काय सांगायचं? सगळ्या गावासमोर त्यांची विद्या खोटी पाडायची?

रविवारी कल्लप्पा कोरा पटका बांधून आले, मागं निम्मं वळसंग. ईश्वरप्पानं एका दमात सांगून टाकलं, "अण्णा, हितं दात चालत न्हाईत. मी दाताला फसलो. वय मणक्यात निघालं."

कल्लप्पांनी बारक्या जबड्याकडं बघितलं, मग मुलाकडं.

"म्हंजे एवढं शिकलास, सायेब झालास, आन् पयल्यांदा दातच बघितलास व्हय रं?"

"व्हय अण्णा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. गर्रकन वळून ते गावकऱ्यांवर ओरडले, "बघा की रं! लई शिकलंय, पर पोरगं माझंच हाय!"